पाणी न ओलांडता

सौताडा, ता. पाटोदा
१२ जुलै १९९५

शिवकन्याअक्कास,

शरणार्थ.

तुझं कार्ड मिळालं. सटवाच्या भज्याच्या हॉटेलाचा पत्ता टाकून पत्र पोचेल का नाही याची मला शंका होती, पण पोचलं. पोस्टमननं कार्ड टेबलावर ठेवून आधी भजी खाल्ली, तोवर सटवानं ते वाचून काढलं. त्यामुळं तुझी बातमी मला सटवाकडूनच कळली. तो कढईपासून ओरडला, "संग्या, तुझी बहीण अफ्रिकेत चालली बे!" हॉटेलातली सगळी माणसं माझ्याकडं अशी बघायला लागली की जसं काही मीच चाललोय.

युगांडा नेमकं कुठं ते मला ठाऊक नाही. दहावीला भूगोलाच्या पेपराला मी बसलोच नव्हतो, त्या दिवशी मालगाडीच्या गार्डासोबत गंगाखेडला गेलतो. गार्ड चांगला माणूस होता, त्याच्या डब्यात लोखंडी शेगडी होती. ते राहू दे. उसाचा कारखाना तिथंही असतो आणि कड्याच्या कारखान्यातल्या फिटरला तिथं बोलावतात हे वाचून बरं वाटलं. रामकिसनदाजींना म्हणावं, विमानात खिडकीपाशी बसा.

तीन वर्षं म्हणतेस. आणि २४ ऑगस्टला मुंबईहून निघणार.

कार्डाच्या कडेला, पत्त्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरात 'अप्पा बरे आहेत का' असं लिहिलंयस. ते सटवाला दिसलं नाही. मला दिसलं.

अप्पा बरे आहेत. परळीचं दुकान चालू आहे. समोर केबलवाल्यानं ऑफिस टाकलं म्हणून चिडलेले आहेत. तुझं नाव घरात निघत नाही हे मी लपवत नाही. पण तू गेलीस त्या दिवशी अप्पांनी तुझ्या नावानं आंघोळ केली असं जे गल्लीत सांगतात, ते तुझ्या कानावर आलंच असेल. मी घरात होतो, अक्का. आंघोळ रोजचीच होती, सकाळची. तुझं रजिस्टर लग्न झाल्याची बातमी आली तेव्हा ते ओलेच होते, एवढंच.

आता मी इथं काय करतो ते. इथली दरी तुला आठवत असेल, आई असताना आपण श्रावणात यायचो. विंचरणा नदी वर पठारावर असते तोवर ओढ्यासारखी, आणि मग एकदम खाली दरीत पडते. खाली रामेश्वराचं देऊळ. लोक पायऱ्यांनी उतरतात, धार बघतात, भिजतात, चढून येतात, भजी खातात. एवढंच होतं. पण उन्हाळ्यात नगरची चार पोरं पाठीवर पिशव्या बांधून आली आणि दरीला पूर्ण फेरी मारून गेली. देवळापासून चढायचं, धारेच्या डोक्यावर नदी ओलांडायची, समोरच्या कड्यानं चालत जायचं, खाली उतरून देवळासमोरच्या काठावर यायचं, आणि दगडांवर पाय देत नदी ओलांडली की परत देऊळ. वाट लई चांगली आहे. वरून सगळी दरी पायाखाली, मोर ओरडतात, माणसांचा कालवा खालून बारीक ऐकू येतो. आता जो तो तेच विचारतो, फेरीची वाट कुठंय. आणि घाणेरीच्या झुडपात चुकतात, मग सटवाला हॉटेल टाकून शोधायला जावं लागतं. म्हणून त्यानं मला चुन्याची बादली दिली. मी फेरीवर बाण काढतोय. दोन वेळचं जेवण त्याच्याकडं.

अप्पा श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी इथं येतात, अजून येतात. तेही फेरी करतात, पहिल्यापासून.

मी काय म्हणतोय ते कळलं असेल.

तुझा
संगमेश्वर


सौताडा
२८ जुलै १९९५

अक्का,

तुझं दुसरं कार्ड आलं. या वेळी मी पोस्टमनला फाट्यावरच गाठलं.

'त्यांना चालणार आहे का' असं विचारतेस. अप्पांचं काय ते मी बघतो. तू फक्त ये. कड्याहून आष्टी, आष्टीहून जामखेड, तिथून बीडची कुठलीही गाडी. ७ तारखेला सोमवार आहे. गर्दी असणार. जीपवाले फाट्यापर्यंत लावतात आणि बेंबीच्या देठापासून हॉर्न वाजवतात. दाजींना वर थांबव. एकदम दोघं समोर नकोत.

खाली देवळाजवळ, जिथं दगडांवरून नदी ओलांडतात, तिथं काठाला एक सपाट शिळा आहे. तिच्यावर मी मोठा बाण काढलाय, नदीच्या पलीकडून इकडं येणाऱ्याला दिसावा म्हणून. त्या शिळेवर बस. अप्पा सकाळी लवकर निघतात, वरून फिरून दुपारच्या आधी समोरच्या काठावर उतरतात. तिथून दगडावर दगड करत सरळ तुझ्यासमोर येणार. एका वेळी एकच माणूस येतो तिथून. बाजूला व्हायला जागा नाही, मागं फिरायला जागा नाही. समोर तू आणि मागं पाणी. बोलावंच लागेल.

मी पाच-सहा वेळा तिथं बसून बघितलंय. पक्कं आहे.

तेजश्रीला आण. तिला मी अजून बघितलेलं नाही. कणसं भाजून ठेवतो. पूर्वी आपण खायचो तो कणसंवाला मेला, पण त्याचा भाऊ बसतो, तो मीठ जास्त लावतो.

संगू


सौताडा
८ ऑगस्ट १९९५

अक्का,

तू न सांगता गेलीस. मला राग आलाय, आणि तुला माझा आलाय. दोन्ही बाजूला ठेव आणि हे पत्र पूर्ण वाच. फाडायचं असेल तर वाचून फाड.

मी शेवटपर्यंत तिथंच उभा

हे वरचं वाक्य खोडलंय, ते वाचू नकोस. मी शेवटपर्यंत तिथं नव्हतो. बीडच्या एका पोराची चप्पल पाण्यात वाहून चालली होती, ते भोकाड पसरून रडत होतं, मी तिच्यामागं पळालो. चप्पल मिळाली. परत आलो तर शिळेवर कुणी नाही.

पण त्याआधीचं मी सगळं बघितलं. समोरच्या झुडपातून अप्पा उतरले. पांढरं धोतर, खांद्याला पिशवी. पाण्याच्या कडेला येऊन उभे राहिले. तू उभी राहिलीस. तेजश्री तुझ्या पदराला धरून होती. त्यांनी तुला बघितलं. बघितलंच, कारण ते जागेवर थिजले. एक जण मागून 'ओ काका, चला की' म्हणाला तरी हलले नाहीत. मग त्यांनी देवळाकडं बघून हात जोडले आणि मागं वळून झुडपात गेले. तुझ्याकडं पाठ करून.

मलाही तसंच वाटलं, अक्का. मी इकडून बोंबललो, पण धारेच्या आवाजात स्वतःलासुद्धा ऐकू आलं नाही. मग चपलेचं झालं. मग मी वर पळत आलो, तर दाजी आणि तुम्ही गेलेले. सटवा म्हणाला, "तुझी बहीण न बोलता गाडीत बसली बे. लेकरानं कणीस मागितलं तर एक चापट ठेवून दिली तिला."

मी हॉटेलात बसून राहिलो. ठरवलं की आता अप्पा वर आले की यांना चहा द्यायचा नाही.

लई उशीर झाला. ते आले ते वरून पायऱ्यांनी नाही, देवळाच्या मागच्या उतरणीनं. मी खाली गेलो तेव्हा ते त्या सपाट शिळेपाशी उभे होते, तू होतीस तिथंच. धोतराला काटे, पोटऱ्या ओरबाडलेल्या, दम लागलेला. म्हणाले, "गेली?"

"गेली."

"कावून?"

मी म्हणालो, "कावून म्हणजे? तुमी तिला पाठ दाखवून गेलात की!"

ते माझ्याकडं असं बघत राहिले जसं काही मी दुसऱ्या कुठल्या भाषेत बोललो.

"मी तिच्याकडंच येत होतो," म्हणाले.

"ती समोर होती अप्पा. दहा दगडांवर."

"पाणी हाय ना मधी," म्हणाले. "देवाचं पाणी वलांडतेत का? तिला ठावं न्हाई का?"

आता कळलं का? शंकराची प्रदक्षिणा अर्धी असते. देवळात पिंडीचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडत नाहीत, तिथून मागं फिरतात, उलट्या अंगानं परत पन्हळीपर्यंत येतात. हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण अप्पा आणि इथली काही जुनी माणसं अख्ख्या दरीलाच देऊळ धरतात. धार देवावर पडते, तिचं पाणी पुढं वाहतं, म्हणजे खालची नदी ही पन्हळ. ती ओलांडायची नाही. वरून फिरून समोरच्या काठावर यायचं, देऊळ दगडफेकीच्या अंतरावर दिसतंय, तिथं हात जोडायचे, आणि आलो तीच सगळी वाट परत चालत जायची. नगरच्या पोरांची फेरी गोल आहे. अप्पांची कधी गोल नव्हतीच.

मला हे माहीत नव्हतं. मी दरवर्षी आलो, पण अप्पांसोबत एकदाही फेरी पुरी केली नाही. कधी कणसं, कधी मोर, कधी कुणाची जीप चिखलात रुतलेली. आणि ज्या वाटेवर अप्पा इतकी वर्षं चालले तिच्यावर मी ओलांडायचा बाण काढला, आणि तुला त्याच्या टोकाला बसवलं. अप्पांना काहीच सांगितलेलं नव्हतं, तेही आता लिहितो.

मी त्यांना म्हणालो, "तिला कसं ठावं असणार? तुमी कधी नेलं तिला? आईला आणि तिला देवळापाशी बसवून गडीमाणसं तेवढी जायची."

ते वाकून धोतराचे काटे काढायला लागले.

देवळातून त्रिंबक गुरव बाहेर आला. तुला आठवतो का, आडव्या अंगाचा, आता केस पिकले. परतीच्या वाटेवर पलीकडच्या कड्यावर बेलाचं झाड आहे, अप्पा दरवर्षी त्याची पानं आणतात आणि त्रिंबक ती पिंडीवर वाहतो. त्यानं हात पुढं केला, "अप्पा, बेल?"

अप्पांनी पिशवी उघडून बघितली. रिकामी.

"राहिला," म्हणाले.

त्रिंबक म्हणाला, "राहिला? सोमवारचा? तब्येत बरी हाय ना?"

अक्का, ते झाड वाटेवरच आहे. चुकवायचं म्हटलं तरी फांदी तोंडाला लागते. अप्पा त्याच्या खालून पळत आले.

मी तू युगांडाला जातेस ते सांगितलं, तारीख सांगितली. "कुणाचं लेकरू होतं?" असं अप्पांनी विचारलं. तुझं, म्हणालो. "नाव?" तेजश्री. मग ते पायऱ्या चढले आणि बीडच्या गाडीत बसले. चहा घेतला नाही. म्हणजे मी देणारच नव्हतो, पण विचारला.

यातलं काही खोटं नाही. बेलाचं त्रिंबकला विचार.

संगू


सौताडा
१५ ऑगस्ट १९९५

अक्का,

तुझं काहीच उत्तर नाही. ठीक आहे. हे पत्र मी पोस्टात टाकत नाही, आष्टीच्या भाजीच्या टेंपोवाल्याबरोबर देतोय, तो कड्याला कारखान्याच्या गेटवर दाजींच्या हातात देईल. आज सुट्टी आहे, झेंडावंदन झालं, शाळेच्या पोरांनी दरीत बिस्किटाचे पुडे टाकले, मी दिवसभर गोळा केले.

काल संध्याकाळी फाट्यावरच्या एसटीडीवाल्याचा पोरगा धापा टाकत आला, परळीहून फोन आहे म्हणून. मला वाटलं कुणी गेलं. अप्पा फोन करत नाहीत, तुला ठाऊक आहे. मशीनवर आकडे पळतात ते बघवत नाहीत त्यांना.

म्हणाले, "श्रावणातला शेवटचा सोमवार कधी हाय?"

मी म्हणालो, "अप्पा, कॅलेंडर तुमच्या डोक्यावर टांगलेलं हाय दुकानात."

"तू सांग."

"एकवीस."

"हं." मग म्हणाले, "धारेच्या वर पाणी अजून देवाचं झालेलं नसतंय."

मी म्हणालो, "मग?"

"मग काय मग? तिथं वलांडलं तर चालतंय. मी दरसाल तिथं वलांडतोच." आणि वर, "तुला सांगून ठिवलं."

फोन ठेवला.

वर्षातून दोनदा ते कधीच आले नाहीत, अक्का. माझ्याकडून पक्कं म्हणून मी काही सांगत नाही, माझं पक्कं तू बघितलंस. पण २१ ला तू देवळाकडं उतरू नकोस. फाट्यावरून उजवीकडं शेताच्या बांधानं वरच्या वर चालत ये, धारेच्या डोक्याशी. तिथं बाण काढलेले नाहीत. पाणी घोट्याएवढं आहे. दाजींना बरोबर आण, या वेळी मागं ठेवू नकोस.

शिळेवरचा बाण मी खरवडतोय. चुना लई चिवट आहे.

संगू


परळी वैजनाथ
१० सप्टेंबर १९९५

शिवकन्याअक्कास,

शरणार्थ.

पत्ता दाजींनी दिलेल्या कागदावरून जसाच्या तसा उतरवलाय. पोस्टातल्या बाईनं तिकिटं लावताना तीनदा विचारलं की युगांडा म्हणजे नक्की हेच ना. मी म्हणालो, हेच.

तू पोचलीस का, ऊस कसा आहे, तेजश्रीला पाणी सोसलं का, ते लिही. २१ तारखेचं सगळं तुला ठाऊकच आहे, पण अप्पांनी धोतर वर धरून नदी ओलांडली आणि तुझ्यासमोर येऊन पहिलं बोलणं काय केलं, तर "लेकराच्या डोक्याला टोपी न्हाई", हे मी इथं सगळ्यांना सांगतोय. आणि तेजश्रीनं "हे कोण?" विचारल्यावर तू गप्प बसलीस, तेव्हा "परळीचा दुकानदार" म्हणाले तेही. ती म्हणाली, "मग गोळ्या?" चाळीस वर्षं दुकानात बसलेल्या माणसाचे दोन्ही खिसे रिकामे. त्यांचं तोंड बघून तू हसलीस, तेव्हा मी दुसरीकडं बघत होतो असं नाही. बघितलं. दाजींना "तिकडं ऊस आपल्यासारखाच का?" विचारलं आणि उत्तर पूर्ण ऐकून घेतलं, हे त्रिंबकलाही पटलं नाही.

तू गेल्यानंतरचं मात्र तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

तुमची गाडी वळेपर्यंत अप्पा धारेच्या वर बांधावर उभे होते. मग मला म्हणाले, "फेरी राहिलीय, चल." मी कंटाळा केला नाही. कड्यानं गेलो. एक सरडा दिसला, निळ्या गळ्याचा, मी थांबलो, तर ते पुढं जाऊन माझ्यासाठी उभे राहिले. असं कधी होत नव्हतं. खाली समोरच्या काठावर उतरलो. गर्दी तशीच होती, पोरं दगडांवरून उड्या मारत ओलांडत होती. शिळेवर चुन्याचा पांढरा डाग राहिलाय, निघत नाही. अप्पा त्या शिळेकडं बघत होते. देवळाकडं नाही.

मग हात जोडले आणि मागं वळलो.

बेलाच्या झाडापाशी त्यांनी पानं तोडली, निवडून, तीन-तीनची. मी पिशवी धरून होतो. तोडता तोडता, माझ्याकडं न बघता, म्हणाले, "त्या तिच्या देशाला जायला मधी समुद्र लागत असंल."

मी म्हणालो, "लागतो. लई मोठा. पण ते विमानानं जातेत अप्पा."

"म्हंजे वरून."

"वरून."

त्यांनी अजून थोडी पानं तोडली. पिशवी भरली होती तरी.

"वरून वलांडलं तर चालतंय," म्हणाले.

तुझा
संगमेश्वर